चार नंबरची चकती

सोमवार, २ सप्टेंबर

बाबांना चार नंबर मिळाला. सुटलो!

एल्क हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. शाळेतून तीन दिवसांची रजा घेतली आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी कारण न विचारता सही केली, त्यांचे यजमानही आज जंगलातच होते. सकाळी सहाला आम्ही सगळे रोलांडच्या अंगणात. कॉफी, कॉफीत बुडवलेले चीजचे तुकडे, आणि मग ती जुनी चामड्याची पिशवी.

नऊ माणसं, जंगलातले नऊ ठिय्ये, शिंगाच्या नऊ चकत्या. रोलांड टोळीचा म्होरक्या, पिशवी तोच धरतो. सर्वांत वयस्कर माणसाने आधी हात घालायचा, मग वयाने खाली खाली. हाती येईल त्या आकड्याच्या ठिय्यावर दिवसभर बसायचं. दहावी गुनव्होर, ती कुत्री घेऊन पलीकडून हाका घालत, जनावरं ठिय्यांकडे रेटत येते. नंबर कुणी बदलून मागत नाही. माझ्या जन्माआधीपासून हेच चालू आहे.

चार नंबर खडीच्या रस्त्याकडेला आहे. मागे मातीचा उंचवटा, पुढे दलदल. तिथून माणूसही जात नाही आणि एल्कही. चार नंबर ज्याला येतो त्याची दिवसभर चेष्टा होते. मी मात्र मनातल्या मनात हात जोडले.

कारण बाबा विसरतात. एकोणऐंशी वर्षांचे आहेत. मार्चमध्ये स्वतःच्या घराचा रस्ता चुकले. परवा मला विचारत होते, तुझी आई अजून कशी आली नाही? आई जाऊन सहा वर्षं झाली. आणि अशा माणसाच्या खांद्यावर भरलेली बंदूक!

डॉक्टरांना एकदा सांगितलं की परवाना जाणार. परवाना गेला की टोळीतली जागा गेली. सतराव्या वर्षापासून ते या जंगलात बसतायत. दुसरं उरलंय काय त्यांच्याकडे? रोज सकाळी ठरवतो की आज बाबांशी बोलायचं. तोंड उघडतो आणि कॉफी पितो.


मंगळवार, ३ सप्टेंबर

पुन्हा चार. रोलांड म्हणाला, "हिल्डिंगकाका, तिथं घर बांधताय का?" बाबा हसले. बाकीचेही हसले. मी जरा जास्तच हसलो.


बुधवार, ४ सप्टेंबर

चार. मार्गित म्हणते, तुझ्या बाबांवर तुझ्या आईचं लक्ष आहे. माझी बायको अशा गोष्टी सहज बोलून जाते आणि भांडी घासत राहते. मला असं कशावर तरी टाकून मोकळं होता येत नाही.

दोन वर्षं झाली, बाबांच्या बंदुकीचा बार मी ऐकलेला नाही. त्यांच्याकडे काही येतच नाही म्हणतात.


गुरुवार, ५ सप्टेंबर

शाळेत परत. सातवीला संभाव्यता सुरू केली. घरून मोज्यात नऊ बटणं घालून नेली होती, तीन लाल, सहा पांढरी.

बटण काढा, रंग लिहा, परत टाका. लाल येण्याची शक्यता दर वेळी तीच, नवात तीन. मग दुसरा खेळ. काढलेलं बटण परत टाकायचं नाही. पहिलं लाल आलं तर आत लाल दोनच, बटणं आठ. आता दुसऱ्याचं नशीब पहिल्याच्या हातावर अवलंबून. पहिल्या खेळातल्या घटना स्वतंत्र, दुसऱ्यातल्या परावलंबी. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं — पिशवीला कालचं आठवत नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या आजोबांसारखी."

वर्ग हसला. मीही हसलो आणि फळा पुसायला वळलो. पुसण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी काढणाऱ्याला तोटा होतो का, यावर तास संपेपर्यंत भांडणं. सगळ्यांचं मत, होतोच. आधीच्यांनी काय काढलं ते ठाऊक नसेल तर पहिल्याची आणि शेवटच्याची शक्यता सारखीच असते, हे मी मांडून दाखवलं. उत्तर पटलं, पण मुलांना आवडलं नाही. खरं तर मलाही कधी आवडलेलं नाही.


शनिवार, ७ सप्टेंबर

चार.


रविवार, ८ सप्टेंबर

आज पिशवी समोर आली तेव्हा मी मनात म्हटलं, चार वेळा आला, आता काही येत नाही. दुसऱ्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. परवाच पोरांना हेच करू नका म्हणून शिकवलं! चकत्या रोज संध्याकाळी पिशवीत परत जातात. आज सकाळी चार येण्याची शक्यता नवात एक, जशी काल होती, जशी उद्या असेल.

आला. चार.

परतताना गाडीत बाबा बाहेर बघत होते. मग म्हणाले, "रोलांडनं माझं काहीतरी नेलंय."

"काय नेलंय?"

"ते आठवत नाही. पण त्याच्याकडे आहे. चोर लेकाचा."

रोलांड गेली तीस वर्षं त्यांच्या घरापुढचा बर्फ काढतो. आता तो चोर झाला. मी विषय बदलला. ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जणू मीही त्या चोरीत आहे.


बुधवार, ११ सप्टेंबर

नावगाव न सांगता वर्गाला गणित घातलं. नऊ चकत्या, रोज परत टाकतात, एका माणसाला पाच दिवस ओळीने चार नंबर येतो. शक्यता किती?

सगळ्यांनी नऊला पाच वेळा गुणलं. एकोणसाठ हजार एकोणपन्नासात एक. मी शाबासकी देणार, तेवढ्यात टूव्हाने हात वर केला. ही मुलगी तेरा वर्षांची आहे, आणि बोलते अशी की जणू मलाच तपासायला आली आहे.

"सर, त्यानं चार येणार असं आधी सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग पहिल्या दिवशी कुठलाही आला असता तरी चाललं असतं. तोच परत चार वेळा येतो का, एवढंच मोजायचं. सहा हजार पाचशे एकसष्टात एक."

बरोबर होतं. वीस वर्षं शिकवतोय, आणि मी सरळ पाचदा गुणून मोकळा झालो होतो.

"तरी फारच कमी आहे," ती म्हणाली. "एवढं कमी असलं की मी नशीब मानणार नाही. कुणीतरी करतंय."

कुणीतरी करतंय! दिवसभर तेच डोक्यात. पिशवी कोण धरतं? रोलांड. म्हणजे बाबांचं सगळ्यांना कळलं आहे. म्हाताऱ्याला गुपचूप सुरक्षित जागी बसवतायत आणि तोंडावर घर बांधताय का म्हणून हसतायत. मला एका शब्दाने विचारलं नाही. सगळ्या टोळीत एकटा मीच काय तो मूर्ख.

खरं तर मी रोलांडचे पाय धरायला हवेत. मी चिडलोय.


शनिवार, १४ सप्टेंबर

क्रमाने लिहितो, नाहीतर जमणार नाही.

सकाळी अंगणात मी रोलांडला म्हटलं, आज धाकट्यापासून सुरुवात करू. तो म्हणाला, "पहिला मान काकांचा असतो, योरान." मी म्हटलं, एक दिवस. कुठं लिहून ठेवलंय? मला फक्त बघायचं होतं. क्रम उलटला की त्याची चलाखी कशी चालते ते मला बघायचं होतं. गणिताचा मास्तर ना मी!

रोलांडने खांदे उडवले आणि पिशवी धाकट्यापुढे धरली. तिसरा मी. हात घातला, काढला. चार.

मला, लिहायला लाज वाटते, आनंद झाला. पकडलं, असं वाटलं.

बाबा शेवटी. पिशवीत एकच चकती उरलेली. तरी त्यांचा हात आत फिरत राहिला. कोपरे चाचपले, तळ चाचपला. कुणी हसलं नाही. शेवटी चकती बाहेर आली, आठ. बाबा त्या आकड्याकडे बघत उभे राहिले, आणि मग माझ्याकडे.

आठ नंबर मोकळवनाच्या कडेला आहे, हाका जिथे बाहेर पडतो तिथे. चार माझ्या खिशात होती. बदलून घ्या बाबा, एवढंच म्हणायचं होतं. कुणी बदलत नाही म्हणून मीही बदललं नाही. गाडीतून त्यांना आठ नंबरवर सोडलं, थर्मास हातात दिला आणि निघालो.

साडेदहाला वॉकी-टॉकीवर बाबांचा आवाज. अगदी खणखणीत, वीस वर्षांपूर्वीचा. "आठ नंबर बोलतोय. मोठा आहे. सरळ माझ्याकडे येतोय."

मग गुनव्होर. "हिल्डिंग, मी आहे ती. हिल्डिंग, बंदूक खाली कर. मी आहे, गुनव्होर."

मग काहीच नाही.

गाडी किल्लीसकट रस्त्यावर होती, आणि मी पळत सुटलो. का, ते विचारू नये. दोन किलोमीटर. पोचलो तेव्हा रोलांड आधीच तिथे होता, तो सात नंबरवर बसला होता. बाबांची बंदूक त्याच्या खांद्यावर. "रिकामी केली आहे," म्हणाला. बाबा ओंडक्यावर बसून पाव खात होते. शांत. मला म्हणाले, "तू का पळतोयस?"

गुनव्होर कुत्रीच्या मानेत तोंड खुपसून बसली होती. अंगात भगवं जाकीट, डोक्यावर भगवी टोपी, अर्ध्या मैलावरून दिसेल अशी. मला बघून म्हणाली, "टक् वाजलं, योरान. मी ऐकलं. त्यांनी घोडा ओढला."

रोलांड लगेच तिला दंडाला धरून बाजूला घेऊन गेला. बराच वेळ काहीतरी बोलत होता.

घोडा ओढला. काडतूस फुसकं निघालं. चांगल्या काडतुसांत फुसकं किती निघतं, हजारात एक, दहा हजारात एक? त्या एकावर गुनव्होर आज घरी गेली आणि बाबा बाबाच राहिले. आणि त्यांना आठ नंबरवर बसवलं कुणी? मी. चार माझ्या खिशात होती.

मार्गितला सगळं सांगितलं. तिने फक्त माझे बूट काढले.


रविवार, १५ सप्टेंबर

आज हाका नाही. रोलांडकडे गेलो, भांडायलाच.

"पिशवीत काय करत होतास इतके दिवस?" मी विचारलं. "मला सांगायला काय झालं होतं?"

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "अरे, मी फक्त पिशवी धरतो. हात त्यांचा असतो."

पिशवी आणून त्याने नऊच्या नऊ चकत्या माझ्यापुढे ओतल्या. "चकत्या कुणी केल्या, आठवतंय? डोळे मीट. आता हात लाव."

डोळे मिटले. एक गुळगुळीत, दुसरी गुळगुळीत. पाचवी की सहावी, तिच्या कडेला एक बारीक खाच होती. नखात बसेल एवढीच. डोळे उघडून बघितलं तर चार नंबर.

चकत्या बाबांनी केल्या. आई गेली त्या हिवाळ्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून. मी रोज संध्याकाळी जायचो, ते कानशीने घासत असायचे, आणि मला वाटायचं बरं झालं, हाताला काही काम आहे.

"खाच तेव्हापासूनची का नंतरची, मला ठाऊक नाही," रोलांड म्हणाला. "माझ्या लक्षात मागल्या वर्षी आलं. मी कशाला बोलू?"

म्हणजे करणारं कुणीतरी होतं, टूव्हाचं बरोबर होतं. बाबा स्वतःच. डोक्याला रस्ता आठवत नाही, बायको गेलेली आठवत नाही, पण बोटांना चार नंबर आठवतो. स्वतःच जाऊन रोज त्या कोपऱ्यात बसत होते, जिथून कुणाला धोका नाही. आणि मी मध्ये हात घालून ती चकती उचलली. एकट्या उरलेल्या आठाभोवती फिरणारा त्यांचा हात मला दिवसभर दिसतोय.


सोमवार, १६ सप्टेंबर

टूव्हाने तास संपल्यावर विचारलं, "सर, कोण करतंय ते सापडलं का?"

म्हटलं, नाही.

"तुम्ही नीट शोधलंच नसेल," म्हणाली आणि दप्तर उचलून गेली.


मंगळवार, १७ सप्टेंबर

आता चालढकल नाही. पुढच्या शनिवारी क्रम पूर्वीसारखा होईल, बाबा चार काढतील, हे ठीक. पण बोटं किती दिवस लक्षात ठेवणार? आणि चार नंबरच्या रस्त्याने कुणी लिंगोनची रानफळं वेचणारी बाई आली तर? प्रत्येक वेळी काडतूस फुसकं निघणार आहे का?

दवाखान्यात फोन केला. मशीन म्हणालं, आम्ही आपल्याला शुक्रवारी सकाळी दहाला उलट फोन करू. म्हणजे तीन दिवस हे पोटात ठेवून फिरायचं.

संध्याकाळी बाबांकडे गेलो. बटाटे उकडत होते, साल न काढता, जसे आई करायची. मी म्हटलं, "बाबा, शनिवारचं आठवतं?"

"शनिवारी काय होतं?"

"काही नाही."

मग एकदम म्हणाले, "रोलांडकडे जाऊन आलो. माझं परत दे म्हटलं. देत नाही. दोन हातांनी दार धरून उभा होता चोर." त्यांचे डोळे भरले होते. माझ्या बाबांना मी रडताना आईच्या दफनालाही बघितलं नव्हतं. काय मागितलं, ते त्यांना सांगता येईना. मी पाठीवरून हात फिरवला आणि बटाटे उतरवले. दुसरं काय करणार होतो?


बुधवार, १८ सप्टेंबर

रोलांडला रस्त्यात गाठून सांगितलं, शुक्रवारी दहाला डॉक्टरांना सगळं सांगणार आहे. टोळीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, माहीत आहे. बाबा मला माफ करणार नाहीत. बहुधा विसरतील, ते माफ करण्याहून वाईट.

रोलांड काहीतरी बोलणार होता. टोपी काढली, परत घातली.

"शुक्रवार म्हणालास ना?" एवढंच विचारून गेला.


गुरुवार, १९ सप्टेंबर

बटणांचा मोजा अजून दप्तरात आहे. बाहेर काढून ठेवायचंही बळ नाही.


शुक्रवार, २० सप्टेंबर

रोलांड साडेनऊला आला. दारात बूट काढले, मोज्यांवर आत आला आणि टेबलावर एक खोकं ठेवलं. वर काळी चिकटपट्टी, बाजूने सोडवलेली. आत बाबांची काडतुसं. बावीस. सगळी कोरी.

"शनिवारी बंदूक रिकामी केली म्हणालो ते खोटं," तो म्हणाला. "आत काही नव्हतंच. दोन वर्षं नाही. गुनव्होरला तिथंच सांगितलं. तुला सांगायचं नाही असं वचन दिलं होतं."

काडतुसांखाली चिठ्ठी, बाबांच्या अक्षरात. अक्षर तेव्हा अजून सरळ होतं. दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. वाचत होतो तेव्हा दहा वाजले आणि फोन वाजला. वाजू दिला.

"रोलांड, ही सगळी आहेत, घरात एकही ठेवलेलं नाही. एक दिवस मी येऊन परत मागेन. रागावेन, तुला चोर म्हणेन, कदाचित रडेनही. तरी देऊ नकोस. योरानला सांगू नकोस. त्याच्या लेखी मी अजून शिकारी असू दे."